भीतीच हवी असेल तर: २०११ सालच्या दोन किशोर कादंबऱ्या

तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी इंग्रजीतली भीतिकथा शोधू लागले की रॅन्सम रिग्ज यांचे ‘मिस पेरेग्रीन्स होम फॉर पिक्युलिअर चिल्ड्रन’ हे नाव कोणी ना कोणी सुचवतेच. मुखपृष्ठावर एक जुने कृष्णधवल छायाचित्र आहे, त्यात निर्विकार चेहऱ्याची एक लहान मुलगी उभी दिसते, आणि जरा निरखून पाहिले की लक्षात येते की तिचे पाय जमिनीला टेकलेलेच नाहीत. मीही या मुखपृष्ठाला भुलून ते भाचीसाठी घेतले, तिला देण्याआधी स्वतः वाचले आणि निराश झालो. त्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, पॅट्रिक नेस यांचे ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ प्रसिद्ध झाले होते. ते मी नंतर वाचले. दोन्ही पुस्तके सचित्र व कृष्णधवल आहेत, दोन्हींत जवळच्या माणसाच्या मरणाशी झुंजणारा मुलगा आहे, दोन्हींत राक्षस आहे, आणि दोन्हींवर २०१६ मध्येच चित्रपट निघाले. त्यामुळे एकच घ्यायचे तर कोणते, हा प्रश्न रास्त आहे.

आधी रिग्ज यांच्या कादंबरीविषयी, कारण अपेक्षा तिने वाढवल्या आणि तक्रारही तिच्याविषयीच आहे. फ्लॉरिडात राहणाऱ्या जेकबला त्याचे आजोबा लहानपणी वेल्सजवळच्या एका बेटावरील अनाथाश्रमाच्या गोष्टी सांगत आणि पुरावा म्हणून छायाचित्रे दाखवत: अंगभर मधमाश्या बसलेला मुलगा, डोके नसलेला नुसता पोशाख, डोक्याच्या मागच्या बाजूला रंगवलेला चेहरा. आजोबा पोलंडमधले ज्यू. युद्धाच्या तोंडावर एकट्याला बाहेर पाठवले गेले म्हणून वाचले, बाकीचे कुटुंब नाझींनी संपवले. जेकब मोठा होतो तेव्हा त्याला वाटते की आजोबांच्या गोष्टींतले राक्षस म्हणजे हीच माणसे होती, आणि गोष्टी हे त्या आठवणींवर घातलेले पांघरूण होते. मला कादंबरीतली सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. म्हाताऱ्या माणसाने नातवाला सांगितलेली परीकथा आणि तिच्याखाली दडलेला नरसंहार, एवढ्या सामग्रीवर एक थोर भीतिकथा उभी राहू शकली असती.

पण लेखक लवकरच हा अर्थ काढून घेतो. राक्षस खरेच राक्षस निघतात, त्यांच्या तोंडातून लवलवणाऱ्या लांब जिभा बाहेर येतात, त्यांना नावे, जाती आणि उत्पत्तीचा इतिहास मिळतो. छायाचित्रांचेही तेच होते. रिग्ज यांनी जुन्या बाजारांतून आणि संग्राहकांकडून मिळवलेली ही छायाचित्रे खरी आहेत. मुळात त्यांचे नुसते चित्र-पुस्तक काढण्याचा त्यांचा विचार होता, त्यांच्याभोवती कथा गुंफण्याची सूचना संपादकाची. ही शिवण पुस्तकभर दिसत राहते. छायाचित्र एकटे असते तेव्हा ते का काढले असेल, मागे कोण उभे असेल, असे प्रश्न मनात घर करतात. मजकूर मात्र पान उलटताच सांगून टाकतो की ही मुलगी तरंगते, या मुलाच्या पोटात मधमाश्या राहतात आणि हा मुलगा अदृश्य आहे. उलगडा झाला की भीती उरत नाही, उरते ती जादुई शक्ती असलेल्या मुलांची टोळी. काही ठिकाणी तर एखादे छायाचित्र वापरायचे होते म्हणून प्रसंग लिहिला आहे, अशी शंका येते.

सर्वांत मोठी संधी कालचक्रात वाया जाते. आजोबांच्या मृत्यूनंतर जेकब त्या बेटावर पोहोचतो, तेव्हा अनाथाश्रमातली मुले ३ सप्टेंबर १९४० हा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगत असतात. दर रात्री जर्मन बॉम्ब पडण्याच्या क्षणी दिवस मागे फिरतो. एक मुलगा तर त्या दिवशी बेटावरच्या प्रत्येकाने काय केले याची तपशीलवार नोंद ठेवत बसला आहे. सात दशके बालपणातच अडकून पडण्याइतके भयंकर दुसरे काय असू शकते? तरीही बराच काळ हा मुक्काम उन्हाळी सुट्टीसारखा रंगवला आहे. भरीला जेकबचे प्रेमप्रकरण येते, आणि तेही जिचे एके काळी आजोबांवर प्रेम होते त्याच मुलीशी. लेखकाला यात फारसे वावगे वाटत नाही, मला वाटले. शेवटी होड्या निघतात आणि पुस्तक थांबते, गोष्ट थांबत नाही. मालिका २०२१ पर्यंत सहा भागांत पसरली आहे, तेव्हा एक भाग विकत घेणाऱ्याने पुढच्या खर्चाचाही विचार करावा.

नेस यांचे पुस्तक याच्या निम्म्याहून थोडेच मोठे असेल. शिव्हॉन डाउड या लेखिकेने त्याची कल्पना, पात्रे आणि सुरुवात तयार केली होती. २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि नेस यांनी ते लिहून पूर्ण केले. कथेतल्या तेरा वर्षांच्या कॉनरची आईही कर्करोगानेच आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागचा यू नावाचा सदाहरित वृक्ष राक्षसाचे रूप घेऊन खिडकीशी येतो, आणि कॉनर त्याला घाबरत नाही, कारण रोजच्या दुःस्वप्नात त्याने याहून वाईट पाहिलेले आहे. राक्षस तीन गोष्टी सांगणार आणि चौथी कॉनरने सांगायची, अशी अट पडते. कॉनरला आपलेच सत्य बोलायचे नाही; वाचकाला ते अर्ध्यात कळू लागते, आणि तो ते बोलणार या विचाराने पोटात गोळा येतो. इथे काहीही स्पष्ट करून सांगितल्याने भीती घटत नाही, कारण ती अज्ञाताची भीतीच नाही. जिम के यांची शाईने माखलेली चित्रे मजकुराच्या कडांतून आत शिरतात, पण कशाचा पुरावा देत नाहीत. लेखन आणि चित्रे या दोन्हींसाठीची ब्रिटनमधली कार्नेगी व केट ग्रीनअवे ही दोन्ही पदके २०१२ मध्ये या एकाच पुस्तकाला मिळाली.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला नेस यांचे पुस्तक जवळचे वाटेल, असा माझा अंदाज आहे. ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसाच्या मनातच भीती असते ही जाण दोघांकडे आहे. वाड्यातले भूत आणि अंगावर काटा आणणारा थरार हवा असेल, तर मात्र दोन्ही पुस्तके निराश करतील. नेस यांच्या पुस्तकात शेवटची पन्नास पाने रडवतात, घाबरवत नाहीत.

भाषा दोन्हींची सोपी आहे. रिग्ज यांच्या वाक्यांना वेग आहे, विनोदाचे शिडकावे आहेत, आणि इंग्रजी वाचनाची सवय लागत असलेल्या मुलाला साडेतीनशे पानांचे पुस्तक संपवल्याचे समाधान ते देईल. साहसकथा म्हणून विकले असते तर माझी तक्रार बरीच सौम्य झाली असती. हे पुस्तक छापीलच घ्यावे, कारण फोनच्या पडद्यावर छायाचित्रांचा जीव जातो. नेस यांचे घेताना आत चित्रे आहेत ना, हे पाहून घ्यावे, कारण केवळ मजकुराची आवृत्तीही मिळते. चित्रपटांवरून मात्र निवड करू नये: टिम बर्टन यांच्या चित्रपटात तरंगण्याची शक्तीच एका मुलीकडून दुसरीला दिली आहे, तर दुसऱ्या चित्रपटाची पटकथा नेस यांनी स्वतः लिहिल्यामुळे तो पुस्तकाचा गाभा आधीच उघड करतो.

वयापेक्षा घरातली परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा, असे मी म्हणेन. भाचीने रिग्ज यांचे पुस्तक चार दिवसांत संपवले, ती जराही घाबरली नाही, आणि दुसरा भाग कधी आणणार म्हणून विचारते आहे. तो मी मागवला आहे. नेस यांचे पुस्तक अजून माझ्याच कपाटात आहे, कारण तिच्या आजीचे उपचार सध्या चालू आहेत.