स्विस पासमध्ये 'सगळे डोंगर इन्क्लुडेड' सांगून आम्हाला घातलेली २,०४,७५० ची टोपी

मे महिन्याची बुकिंगं सुरू झालीत म्हणून लिहितेय, नाहीतर हे परत उगाळायची माझी अजिबात इच्छा नव्हती. स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडमधल्या ट्रेन, बस, बोटींना ठराविक दिवस चालणारा एकच पास) विकताना कोणी 'ऑल माउंटन इन्क्लुडेड' म्हणालं ना, तर समोरचा चहा पण पिऊ नका, उठा. असा पास नसतोच!

आमचा एजंट कोणी ऑनलाइन भामटा नव्हता हे आधीच सांगते, कारण कमेंटमध्ये लगेच 'अनोळखी माणसाला पैसे कशाला दिले' सुरू होईल. ऑफिस आहे, बोर्ड आहे, एसी आहे, आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या चार फॅमिली त्याच्याकडून जाऊन आलेल्या. त्यातली कोणीही परत येऊन एक शब्द बोलली नाही, ते का ते आता कळतंय. आपलं हसं कोण करून घेणार.

हिशोब असा. २०२४ चा मे, आम्ही दोघं आणि दोन मुलं (१३ आणि ९). आठ दिवसांचा 'ऑल माउंटन पास' मोठ्यांना ६८,५०० प्रत्येकी, मुलांना २२,००० प्रत्येकी, रिगी नावाचा डोंगर आणि लुझर्नच्या तलावातली बोट 'प्रीमियम कॉम्बो' म्हणून १४,०००. झाले १,९५,०००. वर ५ टक्के टीसीएस (परदेशी टूर विकणारा आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो कर) ९,७५०. एकूण २,०४,७५०, सगळे एनईएफटीने, हॉटेल आणि विमान वेगळं.

आता खरं काय ते ऐका. आठ दिवसांच्या पासची सेकंड क्लासची किंमत तेव्हा ४१९ फ्रँक होती. दोघांचे ८३८, आमच्या फॉरेक्स कार्डाच्या ९८ च्या रेटने ८२,१२४ रुपये. मुलांचं तर शून्य! आईबाबांकडे पास असला की ६ ते १५ वर्षांच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं, म्हणजे माझ्या पोरांच्या फुकटच्या कार्डाचे त्याने ४४,००० घेतले. आणि तो प्रीमियम कॉम्बो? रिगीची ट्रेन आणि तलावातली बोट दोन्ही पासमध्येच असतात. फिट्झनाउला बोटीतून उतरून रिगीच्या ट्रेनमध्ये बसलो (१८७१ ची लाइन आहे, युरोपातली पहिली डोंगर चढणारी रेल्वे, आहे मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू), तपासनीस आला, मी मोठ्या ऐटीत ते रंगीत कॉम्बो व्हाउचर पुढे केलं तर त्याने बघितलं पण नाही, पासचा क्यूआर स्कॅन केला आणि पुढे गेला. तेव्हाच पोटात कालवलं होतं माझ्या.

पण खरी मेख त्या नकाशात होती आणि ती आठवली की अजून रात्री झोप उडते. त्याच्या टेबलावर पासचा नकाशा होता, लॅमिनेट केलेला मोठा. लाइन्स सगळीकडे सलग, आणि ग्रिंडेलवाल्ड, वेंगनच्या पुढे युंगफ्राउयोखकडे (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) जाताना तुटक तुटक. मी बोट ठेवून विचारलं, ही अशी तुटक का? पेनाचं टोक तिथेच टेकवून तो म्हणाला, "ताई, तिथे बोगदा आहे ना, म्हणून." आता सांगा, मी काय करणार होते? बोगदा आहेच तिथे, नऊएक किलोमीटरच्या लाइनीत सात किलोमीटरच्या वर बोगदाच आहे, १९१२ पासून चालू आहे ती ट्रेन, मी घरी येऊन वाचलं सुद्धा आणि म्हटलं बरोबर सांगतोय की माणूस. खोटं बोलायचं तर असं, अर्धं खरं मिसळून. तुटक रेषेचा अर्थ 'इथे पास फुकट चालत नाही, फक्त डिस्काउंट आहे' असा असतो. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं ते, आणि त्या कोपऱ्यावर बरोब्बर त्याचं कॅलेंडर ठेवलेलं होतं. योगायोग असेल, मला नाही वाटत.

नवऱ्याला मी नंतर पण म्हटलं होतं की मुलांच्या पीडीएफवर रकमेच्या जागी ०.०० का दिसतंय. त्याने फोन करून विचारलं, उत्तर आलं "चाइल्ड रेट सिस्टीममध्ये दिसत नाही सर". फोनवर. सगळं फोनवरच. व्हॉट्सॲपवर या माणसाने नुसते अंगठे आणि नमस्कार पाठवलेत. तोंडी सांगितलेलं प्रत्येक वाक्य तुम्हीच टाइप करून त्याला पाठवा आणि 'हो' लिहून घ्या, नाही लिहिलं तर समजून जा.

युंगफ्राउयोखला जायला निघालो तर ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला गेट उघडेना. मागे ही रांग. काउंटरवरच्या बाईने आमचं 'ऑल माउंटन व्हाउचर' उलटंपालटं केलं, कोड नाही, नंबर नाही, नुसता बर्फाचा फोटो, आणि शांतपणे म्हणाली हे आमचं नाही. पासवर इथून पुढे २५ टक्के सूट. मुलं वर जायला नाचत होती, ३,४५४ मीटरवर जायचं म्हणून शाळेत सगळ्यांना सांगून आलेली, त्यांना काय सांगणार? सीट रिझर्वेशन धरून चौघांचे ३७२ फ्रँक. दोन दिवसांनी टिटलिस डोंगरावर तेच, तिथे ५० टक्के सूट, ९६ फ्रँक. वर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो काढलाय, माझं तोंड बघवत नाही त्यात. एकूण ४६८ फ्रँक, म्हणजे अजून ४५,८६४ रुपये.

ज्यांना मोठे डोंगरच करायचेत त्यांनी पासच्या आधी हाफ फेअर कार्डाचा (तिकिटं अर्ध्या भाड्यात देणारं कार्ड) हिशोब करा, युंगफ्राउयोखला त्यावर ५० टक्के मिळतात, पासवर २५. हे कुठलाही एजंट आपणहून सांगत नाही, कमिशन कशावर ते तुम्हीच ओळखा.

परत आल्यावरचं तर विचारूच नका. चौकीत गेलो. साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर साहेब बंदोबस्तावर. शेवटी जे भेटले ते म्हणाले, "स्वित्झर्लंडला जाऊन आलात ना? फिरलात ना? मग फसवणूक कुठाय?" मी नकाशा दाखवला, ०.०० दाखवलं, ते म्हणे दिवाणी मॅटर आहे आणि वर "एवढे पैसे आहेत तर चौकशी करून जायचं ना मॅडम". म्हणजे पैसे आमचे गेले आणि लेक्चर पण आम्हालाच! अर्ज घेतला, पोच द्यायला नाटकं, शिक्का मारणारा जेवायला गेलेला. बँक म्हणते एनईएफटी तुम्हीच केलंत, आम्ही काय करणार. एकाने सांगायचं त्याच्याकडे जा, त्याने सांगायचं याच्याकडे जा, नोकरी करणाऱ्या माणसाने रजा टाकायच्या तरी किती? आणि तो मात्र रोज स्टेटसला 'समर स्पेशल' टाकतोय, बर्फाचा तोच फोटो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात टाकलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतं, दोन वर्षांच्या आत करा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नंबर घ्या.

आणि टीसीएस! परदेशी टूरवर टीसीएस घेतला तर तो तुमच्या २६एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराची इन्कम टॅक्सकडची नोंद) दिसला पाहिजे, रिटर्न भरताना परत मिळतो. माझ्या नवऱ्याच्या २६एएस मध्ये ते ९,७५० कुठेच नाहीत. फॉर्म २७डी (टीसीएसचं सर्टिफिकेट) मागितला त्याच दिवशी त्याने आम्हा दोघांना ब्लॉक केलं. मग मी सासूबाईंच्या फोनवरून लावला, पहिल्या रिंगला उचलला, "बोला ताई, कुठे जायचंय?"