दहा महिन्यांनंतर: १,७९९ रुपयांचा हेडफोन आणि त्याचं रेक्झिन

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री हेडफोन काढून जेवायला खाली गेलो, तर आईने माझ्या गालावरून काळं काहीतरी बोटाने उचललं आणि दिव्याखाली धरलं. "हाई काय लागनं रे तुले?" तिला वाटलं काही चावलं. नखाएवढा पापुद्रा होता, एका बाजूने काळा चकचकीत, दुसऱ्या बाजूने पांढरट. वर जाऊन बघितलं तर उशीवर, कीबोर्डच्या बटनांत, चष्म्याच्या दांडीवर, सगळीकडे तेच. दिवाळीत घेतलेल्या हेडफोनच्या दोन्ही कुशनचे पोपडे निघायला लागले होते. वापराचा आठवा महिना.

तोपर्यंत हा हेडफोन मी तीन जणांना घ्यायला सांगितलं होतं. त्या तिघांसाठी आणि दोन हजारांच्या आत गेमिंग आणि गाणी दोन्हींसाठी एकच हेडफोन शोधणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत कान झाकणारे जेवढे वायरवाले हेडफोन मी हातात घेऊन बघितले, त्या बहुतेकांना असंच कुशन होतं. नाव बदललं म्हणून त्रास टळणार नाही.

मी अमळनेरला राहतो. दिवसभर कर सल्लागाराच्या ऑफिसात काम, रात्री नऊ ते अकरा पुण्यातल्या चुलतभावाबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ आणि त्यानंतर झोप येईपर्यंत गाणी. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. कॉम्प्युटर जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुळवून आणलेला आहे. त्याला माइकची आणि स्पीकरची पिन वेगळी, म्हणून सोबत वाय-आकाराचा जोड घ्यावा लागला. तो हेडफोनच्या डब्यात आला नव्हता, हे घेण्याआधी बघून ठेवा. दोन्हींची पिन एकच असलेल्या लॅपटॉपला किंवा मोबाइलला त्याची गरज पडत नाही.

याआधी ब्लूटूथ हेडफोन होता. गाण्यांना उत्तम, खेळायला अजिबात नाही. समोरचा गोळी झाडतो ती आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. साध्या ब्लूटूथमध्ये हा उशीर सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत सहज जातो. त्याहून वाईट म्हणजे माइक चालू केला की सगळा आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. माझी समजूत होती की माझाच सेट बिघडला. तसं नसतं. माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्यांचा मार्ग सोडून फोनकॉलच्या मार्गावर जातं आणि डाव्या-उजव्याचा फरकच उरत नाही. ज्या खेळात पावलं कुठून वाजली यावर जीव अवलंबून, तिथे हे चालत नाही. कॉम्प्युटरला छोटा डोंगल लावून चालणारे २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस चांगले असतात, पण माझ्या बजेटमध्ये ते बसत नव्हते. म्हणून वायर.

पहिले चार महिने मी या हेडफोनवर खूश होतो आणि आवाजाच्या बाबतीत आजही आहे. डब्यावर ५० मिलिमीटरचे ड्रायव्हर (म्हणजे आतले छोटे स्पीकर), २० ते २०,००० हर्ट्झ आणि ७.१ सराउंड असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. पहिल्या दोन आकड्यांकडे बघूच नका. ४० मिलिमीटरचा नीट बसवलेला ड्रायव्हर ५० च्या निष्काळजी ड्रायव्हरपेक्षा चांगला वाजतो, आणि २० ते २०,००० हर्ट्झ तर दोनशे रुपयांच्या इअरफोनच्या डब्यावरही छापतात. ३२ ओहम हा आकडा मात्र कामाचा. त्याचा अर्थ हा हेडफोन मोबाइलवरही पुरेसा मोठा वाजतो, वेगळ्या अ‍ॅम्पची गरज पडत नाही.

७.१ बद्दल माझं मत पूर्ण फिरलं. डिसेंबरमध्ये भावाला मी फोनवर सांगितलं होतं की याच्यामुळे मागचा माणूस ऐकू येतो. फेब्रुवारीत लक्षात आलं की पायऱ्यांवरची पावलं मला वर आहेत की खाली हेच कळत नाही. प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर आहे. ७.१ म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतोय असा सॉफ्टवेअरने केलेला भास. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफ नावाचं स्वतःचं सेटिंग आहे, तेही हेच काम करतं. दोन्ही एकावर एक चालू राहिले की आवाजाचा नुसता काला होतो. हेडफोनचं ७.१ बंद केलं, विंडोजमध्ये साधं स्टिरिओ ठेवलं, खेळातलं एचआरटीएफ चालू केलं. त्याच रात्री फरक पडला. ७.१ लिहिलेल्या मॉडेलला दोनशे-तीनशे रुपये जास्त देऊ नका.

आता कुशन.

डब्यावर 'प्रोटीन लेदर' लिहिलंय. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्यातलाच हा प्रकार: पातळ कापडावर पॉलियुरेथेनचा थर. घाम, कानामागचं तेल आणि उष्णता या तिन्हींनी तो थर हळूहळू तुटतो. थंड हवेच्या गावात दोन-तीन वर्षं टिकत असेल. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून पत्र्याखालची खोली रात्री दहालाही तापलेली असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर गेला की तासाभरात कानांभोवती घामाचं कडं तयार होतं. एप्रिलच्या शेवटी कुशन चिकट लागायला लागलं. बोट लावलं की सोडताना चिक् असा आवाज यायचा. मी ओल्या फडक्याने पुसायचो आणि वाटायचं की स्वच्छ ठेवतोय. मेमध्ये आतल्या कडेला, जिथे कानाची पाळी टेकते, तिथे केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. जूनमध्ये पोपडे.

कानाला लागणारी वस्तू विकताना कंपनी ड्रायव्हरचा व्यास छापते, एलईडीचे रंग छापते, आणि उन्हाळ्यात कातडीला काय लागणार ते बारीक अक्षरात. याचा मला मनापासून राग आहे. भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार इथे हेडफोन विकत नाहीत का?

फोटो काढून कंपनीला मेल केला. पाच दिवसांनी उत्तर आलं की कुशन ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. वॉरंटी कार्ड बाहेर काढून दोनदा वाचलं. त्यात कुशनचा उल्लेखच नाही. तसं कळवल्यावर चॅटवर दुसरं कारण आलं: घाम म्हणजे द्रवाने झालेलं नुकसान. मी विचारलं, कानावर घालायच्या वस्तूला घाम लागणार नाही असं तुम्ही गृहीत धरलं होतं का? यावर चॅट बंद झालं. फोन केला तर तिसरी गोष्ट समजली: माझ्या पिनकोडला घरून उचलायची सोय नाही, स्वखर्चाने नाशिकला पाठवा. कुरिअरचे जाऊन-येऊन चारशे रुपये. हेडफोन १,७९९ चा.

पैशांचा प्रश्न होताच, पण त्यापेक्षा जास्त लागलं ते दर वेळी कारण बदलणं. ऑफिसात दिवसभर लोकांच्या नोटिसांची उत्तरं लिहितो, एका मुद्द्याला तीन वेगळी उत्तरं दिली की काय होतं ते मला माहीत आहे. जुलैमध्ये १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता आलं. बिल, वॉरंटी कार्ड आणि तिन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत तेवढं पुरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पार्सल आलं: कुशनची नवी जोडी, फुकट. बिल जपून ठेवा. ऑनलाइन घेतलं असेल तर त्याच दिवशी उतरवून घ्या.

पण जून ते ऑगस्ट खेळायचं कसं? इथे मला जे सापडलं त्यासाठी हा सगळा लेख आहे.

पोपडे उडालेलं कुशन तसंच घातलं की खालचं खरखरीत कापड टोचायचं आणि उरलेले तुकडे केसांत जायचे. आईने बाबांचं जुनं बनियान कापलं. बनियानच का, तर होजिअरीचं कापड ताणलं जातं, कुशनच्या वळणावर सुरकुती न पडता बसतं. वितीएवढे दोन गोल कापले, कडेला परकराच्या नेफ्यासारखी दुमड घातली, तिच्यात बारीक इलास्टिक ओवलं. मध्ये कानासाठी लंबगोल भोक, त्याची कड हाताने दुमडून शिवली. कुशन हेडफोनवरून काढायला अवघड नाही: मागची पातळ कड खोबणीतून बोटाने ओढली की सुटते, चढवताना खालून सुरुवात करून गोल फिरवत जायचं. पाऊण तासात दोन्ही झाले. आईने चार जोड्या केल्या. आता दर रविवारी बदलतो, जुन्या धुण्यात टाकतो.

कानाला इतकं बरं वाटलं की पहिल्या रात्री मी वेळ विसरलो. आई खालून ओरडली, "कव्हयनी हाका मारी राह्यनू!" घाम येतो, पण कापड तो पिऊन घेतं. दोन तासांनी कान ओले नसतात.

आणि आवाज बदलला. हे मला अपेक्षित नव्हतं. रेक्झिन हवा अडवतं, म्हणून कानाभोवती बंद जागा तयार होते आणि त्या बंद जागेमुळे खालचा आवाज, म्हणजे बेस, भरीव वाटतो. थर उडालेला, वरून सुती कापड, त्यातून हवा जाते आणि बेस गळतो. श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांतला ढोल मला माहीत असलेल्यापेक्षा लांब गेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्याचा तो पोटात उतरणारा घुमारा अर्धा झाला. पहिल्या दिवशी वाईट वाटलं.

पण त्याच रात्री खेळायला बसलो तर पावलं स्वच्छ. स्फोट झाल्यावर त्याचा धुम्म आवाज आधी दोन क्षण सगळं झाकून टाकायचा, आता त्याच्या मागून पळणारा माणूस ऐकू येतो. या किमतीतल्या बऱ्याच गेमिंग हेडफोनमध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, कारण दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्याला तोच भारी वाटतो. तो फुगारा उतरल्यावर मधला आवाज पुढे आला. नंतर गाण्यांतही हेच जाणवलं. अभंग गाणाऱ्याचा श्वास, टाळांचा शेवटचा किणकिणाट, पेटीचा भाता उघडताना होणारी हालचाल, हे मी या हेडफोनवर सात महिने ऐकलंच नव्हतं.

गेलेला बेस थोडा परत आणायला इक्वलायझर एपीओ हे विंडोजचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवले, तेही गाण्यांपुरते. खेळताना बंद. तुमच्या कुशनचं रेक्झिन धड असेल तर उलटं करा: तिथेच ३-४ डेसिबल कमी करा आणि आठवडाभर ऐका.

बाकीचं थोडक्यात. पकड घट्ट आहे. मला चष्मा आहे, दांडी कुशनखाली दाबली जाते आणि दीड तासाने कानामागे दुखतं. पहिल्या महिन्यात रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला, बराच सैल झाला. वायर जाड आहे, अजून कुठे तुटलेली नाही, पण हेडफोनमधून सुटी होत नाही. पुढच्या वेळी सुटी होणारी वायरच घेणार, कारण माझे आधीचे दोन इअरफोन पिनेजवळच मेले. माइक बरा. उन्हाळ्यात मागे कूलर चालू असला की भावाला खळखळ ऐकू यायची. खेळताना बोलायला वापरतो त्या डिस्कॉर्डमधलं आवाज गाळायचं सेटिंग चालू केलं, कूलर गेला, पण मी हळू बोललो तर माझे शब्दही खातं. पिन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावली की कानात सतत बारीक घुरघुर येत होती. मागे मदरबोर्डवर लावली, गेली.

आज कुणी विचारलं की घ्यायचा का, तर माझं उत्तर मेपासून बदललंय. दिवाळीत सरसकट हो म्हणायचो. आता सांगतो, खान्देशात राहत असाल आणि खोलीत एसी नसेल, तर दुकानात गेल्यावर आवाज ऐकण्याआधी कुशन दाबून बघा. कापडाचं किंवा जाळीचं असेल तर बेस थोडा कमी लागेल, तरी तेच घ्या. रेक्झिनचंच मिळत असेल तर ते निघतं का बघा आणि फीतपट्टीने बाहेरची लांबी-रुंदी मोजून घ्या. मी न मोजता ऑनलाइन जाळीचं कुशन मागवलं होतं, गोल आलं, माझं लंबगोल आहे, साडेतीनशे रुपये अडकून पडले. चिकटवलेलं, न निघणारं रेक्झिन असेल तर तो हेडफोन परत ठेवा, कितीही छान वाजू दे. आणि उन्हाळ्यात कान झाकलेले सहनच होत नसतील, तर याच पैशात कानात बसणारे, सुट्या वायरचे इअरफोन येतात. पावलांची दिशा त्यांतही नीट कळते, भावाकडे आहेत.

कंपनीने पाठवलेली नवी जोडी मी उघडून बघितली. तेच रेक्झिन, तोच वास. पिशवीवर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या की चढवीन. तेव्हा घाम नसतो आणि पखवाज मला पूर्ण ऐकायचा आहे. होळीच्या आत काढून परत पिशवीत, आणि बनियानचे कव्हर बाहेर.