इंजिन विकलं आणि पाणी ठेवलं

गेल्या डिसेंबरात मी माझं धडधाकट इंजिन पंधराशे रुपयांना भंगारात दिलं. ज्याने घेतलं त्यानेच ते भंगार असल्याचं मला पटवलं, आणि वर मी त्याला चहा पाजला. हे सगळं लिहायला लाज वाटते, पण आमच्याच पंचक्रोशीत अजून दोघांचं असंच झाल्याचं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटर आत आमची आंब्याची कलमं आहेत. फवारणीला एचटीपी, म्हणजे जोरदार दाबाने औषध फेकणारा पंप. लोखंडी फ्रेमवर साडेपाच हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन, पट्ट्यावर पंप, शेजारी दोनशे लिटरचा पिंप. इंजिन सहा वर्षांचं. त्याच्या दोरीची मूठ दुसऱ्याच वर्षी फुटली, तेव्हा मी करवंटीचा तुकडा घासून, मधोमध भोक पाडून बसवला होता. ही करवंटी लक्षात ठेवा.

ज्यांची कलमं आहेत त्यांना बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटतानाच्या फवारणीचं महत्त्व सांगायला नको. तुडतुडा, म्हणजे रस शोषणारा किडा, मोहोरावर बसला की आठ-दहा दिवसांत सगळं चिकट आणि काळं. नेमक्या त्या दिवसांत इंजिन दोन मिनिटं चालायचं, मग भुकभुक करत बंद पडायचं. चोक ओढून ठेवला तर रडतखडत चालायचं, सोडला की गप्प. प्लग काढला तर ओला.

राखणीला असलेला नेपाळी भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला, "शेठ, तेल में पानी है क्या?" मी म्हटलं, छे, कपड्यातून गाळून घेतलंय. खरंच घेतलं होतं, जुन्या बनियनच्या चौघडीतून. कपड्याने फार तर माती अडते, पाणी सरळ खाली उतरतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उलट बनियनचे बारीक तंतू आत गेले ते वेगळेच.

इंजिन उचलून बाजारपेठेतल्या मेकॅनिककडे नेलं. दुकानाचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही, त्याची ओळख त्याच्या कामावरून पटेल. त्याने दहाच्या पान्याने कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, तळाची वाटी सोडली, आतलं झटकन जमिनीवर ओतलं आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. तळाला पांढरट खरपूड, कडेला शेवाळासारखा हिरवट थर. "बघा दादा, आतून सडलाय." सडला होताच. का सडला, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. साफ करून चारशे घेतले. दोन दिवसांनी तीच रड, तेव्हा नवा कार्बोरेटर बसवला, अठराशे. जुना परत मागितला नाही, ही माझी चूक.

आता एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. त्याच्या दुकानात खुंटीला पेट्रोलची एक छोटी बाटली उलटी टांगलेली असे, खाली नळी. इंजिन चालवून दाखवताना तो माझ्या टाकीची नळी काढायचा आणि ती बाटलीची नळी जोडायचा. इंजिन पहिल्या दोरीला सुरू, आवाज खणखणीत. मग टाकीची नळी परत लावून तो इंजिन टेम्पोत चढवून द्यायचा. घरी आलं की दोन मिनिटांत बंद. दुकानात चालणारं इंजिन बागेत का चालत नाही, याचं उत्तर त्या खुंटीला टांगलेलं होतं. त्याला ते ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने इंजिन सुरूच केलं नाही. दोरी हळू ओढून दाखवली, ती लोण्यातून सुरी यावी तशी आली, आत दाबच नसल्यासारखी. "कॉम्प्रेशन गेलं दादा. रिंगा, बोअर, सगळं करायचं तर पाच हजार, आणि गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन घ्या, साडेनऊला देतो, हे पंधराशेला धरतो." मोहोर डोळ्यांपुढे नाचत होता. मी आठ हजार मोजले. बिल मागितल्यावर म्हणाला, "नंतर देतो, पुस्तक संपलंय."

त्या वेळी त्याच्या हातात प्लगचा पाना होता, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी नव्या इंजिनाचा प्लग दोन आटे सैल केला आणि दोरी ओढली. तशीच, लोण्यासारखी. कुठल्याही इंजिनाचं कॉम्प्रेशन असं अर्ध्या मिनिटात घालवता येतं आणि प्लग आवळून तितक्याच वेळात परत आणता येतं. तुमच्यासमोर कोणी कॉम्प्रेशन दाखवत असेल तर आधी स्वतःच्या हाताने प्लग आवळलेला बघा.

पण हा प्रयोग मला सुचला तो नवं इंजिन बंद पडल्यावर. हो, नवं कोरं इंजिन तिसऱ्या दिवशी तस्संच भुकभुकलं. नेपाळी भाऊ काही बोलला नाही, नुसता कॅनकडे बघत राहिला.

तेव्हा माझं डोकं फिरलं ते पेट्रोल पंपावर. भेसळ! कॅन गाडीला बांधला आणि तडक पंपावर गेलो, चारचौघांत आवाज चढवला. तिथला व्यवस्थापक वयस्कर माणूस, शांतपणे म्हणाला, "काका, तपासून दाखवतो, मग ओरडा." नोझलमधून एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला, तो उडून गेला, डाग राहिला नाही. मग काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडला, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढली आणि टँकरच्या चलनावरचा आकडा दाखवला. दोन्हींत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असता कामा नये, एवढा नियम त्याने समजावला. शेवटी जमिनीखालच्या टाकीत पाणी शोधायची पेस्ट लावलेला गज सोडून काढला, पेस्टचा रंग तसाच. फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी कुठलंही गिऱ्हाईक मागू शकतं, पाच लिटरच्या मापाचीही. मी पन्नाशीला आलो तरी कधी मागितली नव्हती.

मग त्याने माझा कॅन मागितला आणि तळातलं पेट्रोल पारदर्शक बरणीत ओतलं. पाचेक मिनिटांत बरणीत रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली तेवढंच स्वच्छ, पण वेगळं दिसणारं काहीतरी. दोन्ही इतकं नितळ की रेघ दिसली नसती तर कळलंच नसतं. बरणी हलवली की दूध झाल्यासारखं पांढुरकं, ठेवली की पुन्हा रेघ. खालचा थर बरणीचा चांगला पाचवा हिस्सा. मी म्हटलं, एवढं पाणी कुणी ओतलं? तो म्हणाला, "हे सगळं पाणी नाही."

हे मी त्याच्याकडून शिकलो, नंतर वाचूनही बघितलं. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ च्या जूनमध्ये देशभरची सरासरी १० टक्क्यांवर गेली, २०२५ मध्ये २० वर. इथेनॉल पाणी ओढतं आणि थोडं पाणी पेट्रोलमध्ये जिरवूनही ठेवतं. १० टक्क्यांचं मिश्रण साधारण अर्धा टक्का पाणी पचवतं, म्हणजे पाच लिटरला पाचेक चमचे. २० टक्क्यांचं याहून थोडं जास्त. पण मर्यादा ओलांडली की पेट्रोल फाटतं, नासलेल्या दुधासारखं, आणि पाणी खाली बसताना इथेनॉललाही बरोबर घेऊन जातं. म्हणून पाणी वाटीभर आणि थर तांब्याभर. टाकीतून इंजिनाला जाणारी नळी तळाशी, म्हणजे इंजिनाच्या घशात आधी हेच उतरतं.

पाणी आलं कुठून, याचं उत्तर माझ्याच पडवीत होतं. जूनमध्ये लावणीच्या टिलरसाठी आणलेलं तीनेक लिटर त्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये उरलं होतं. झाकणाचा वायसर चिरलेला. वर एक कौल सरकलेलं. कोकणातला पाऊस, चार महिने, थेंब थेंब. शिवाय अर्धा रिकामा कॅन दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढतो. नोव्हेंबरात मी त्या जुन्यावर पाच लिटर नवं ओतलं. आईने नासलेल्या दुधात ताजं दूध घातलं तर मी हसेन, आणि स्वतः हे केलं. तळाला जांभ्याची तांबडी धूळ होती ती वेगळी. ती कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसायला किती हवी? जेटचं भोक मिलिमीटरहूनही बारीक.

म्हणजे पेट्रोल पंप निर्दोष, पाणी माझं. मग फसवणूक कसली, असं कोणी म्हणेल. डॉक्टरला दुखणं कळलं आणि त्याने दुखणं न सांगता दर आठवड्याला एकेक अवयव बदलला, तर त्याला काय म्हणायचं? वाटी उघडली तेव्हाच त्याने "दादा, पेट्रोल बदला" म्हटलं असतं तर चारशे रुपये मी आनंदाने दिले असते. त्याऐवजी दहा हजार दोनशे गेले आणि फवारणीचे नऊ दिवस.

घरी येऊन कॅन रिकामा केला, टाकी खोलली, वाटीखालचा ड्रेनचा स्क्रू सोडून पेला भरेपर्यंत बाहेर येऊ दिलं, स्टीलच्या डब्यातून ताजं पेट्रोल घातलं. नवं इंजिन दुसऱ्या दोरीला सुरू झालं आणि पिंप संपेपर्यंत चाललं. आता वापरायच्या आधी काचेच्या बाटलीत थोडं घेऊन दहा-पंधरा मिनिटं उजेडात ठेवतो. रेघ दिसली तर ते इंजिनात जात नाही. आणि हंगाम संपला की टाकीचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. प्लास्टिकचा कॅन गेला. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही घरगुती साठ्याला काच चालते ती एक लिटरपर्यंत आणि धातू पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव नाही. हे मला कुठल्या दुकानदाराने सांगितलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मेकॅनिककडे गेलो. म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." जुनं इंजिन परत दे म्हटलं, तर "भंगारवाल्याने नेलं". बिल नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथल्या बाईंचा पहिला प्रश्न, पावती आहे का? तिथेच गाडी अडली. पुस्तक संपलंय म्हणणाऱ्याकडून साध्या कागदावर तारीख, रक्कम आणि सही तरी घ्या.

जानेवारीत एका सकाळी गडग्यापलीकडे तात्यांच्या बागेत फवारणी सुरू झाली. आवाज ओळखीचा वाटला म्हणून डोकावलो. इंजिन निळं रंगवलेलं, फ्रेम नवी. तात्या कौतुकाने म्हणाले, "रिकंडिशन केलेलं घेतलं, साडेसहाला. मस्त चालतं हो." दोरीच्या टोकाला माझी करवंटी होती. तिलाही निळा रंग मारला होता, पण भोकाच्या कडेला माझ्या कानसाचे चरे तसेच.

तात्यांना काय सांगायचं ते सुचेना. मी एवढंच विचारलं, "पेट्रोल कशात ठेवता?" त्यांनी मांडवातला कॅन दाखवला. पांढरा, प्लास्टिकचा, झाकणाऐवजी फडक्याचा बोळा. मी घरून काचेची बाटली घेऊन आलो.