अंगठा गेला, आता पैसे कसे घ्यावेत: मालकाशी तडजोड, नोंदवलेला करार की दावा?

आधी पगारपत्रक पाहा. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची कपात दिसत असेल (पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये), तर पुढचा बराचसा मजकूर तुम्हाला लागू नाही. विमाधारक कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली पैसे मागता येत नाहीत. अपंगत्वाचा लाभ ईएसआय देते, तिथेच अर्ज करा.

कपात नसेल, तर कुठेही सही करण्याआधी हिशेब मांडा. समजा वय 40, पगार 15,000 किंवा जास्त (हिशेबात 15,000 च धरतात) आणि गोव्यात कुंडईच्या एखाद्या कारखान्यात प्रेसखाली अंगठा पूर्ण गेला. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याच्या तक्त्यातला वयाचा गुणक 184.17. गुणाकार 16,57,530. अंगठ्यासाठी कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची 30 टक्के हानी धरली आहे, म्हणजे 4,97,259 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, पण हिशेबाची पद्धत तीच राहिली.

आता कोणी घरी येऊन स्टॅम्प पेपरवर दीड लाख देऊ करतो, तेव्हा तो काय वाचवतोय ते दिसेल. या वाटेचा फायदा एकच, पैसे लगेच हातात येतात. घरात चूल पेटायची असते, त्यामुळे तो फायदा मी हलका मानत नाही. पण अशी सही झाली म्हणून हक्क संपला, असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. हक्क सोडून देणारा करार कायद्यात रद्दबातल आहे. करार आयुक्तांकडे (भरपाईचे दावे ऐकणारे सरकारी अधिकारी) नोंदवला नसेल तर मालकाची पूर्ण जबाबदारी कायम राहते आणि दिलेल्या रकमेतली जास्तीत जास्त निम्मीच त्याला वजा करता येते. मृत्यू झाला असेल तर नियम आणखी कडक आहे: भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाईत धरत नाहीत, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची आगाऊ रक्कम तेवढी अपवाद.

नोंदवलेला करार वेगळा. रक्कम तुम्ही दोघांनीच ठरवायची, पण आयुक्तांसमोर ती तपासली जाते. अपुरी वाटली किंवा दबावाने ठरली असं दिसलं, तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदला की वसुलीचा अधिकार मिळतो, मात्र नंतर वाढीव मागण्याची वाट जवळजवळ बंद होते. लोकअदालतीतल्या समेटाचंही तसंच, तिथे अपील नाही. म्हणून आकडा आधी पक्का करा.

दाव्याला लोक घाबरतात ते वेळेमुळे. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण महिन्याभरात पैसे न देणाऱ्या मालकाला 12 टक्के व्याज लागतं. वरच्या उदाहरणात ते वर्षाला साठ हजारांच्या आसपास जातं. सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. आणि निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं तर मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. वेर्ण्याला कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं: कंत्राटदार गायब झाला तरी ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ कंपनीवर दावा करता येतो.

माझं मत स्पष्ट आहे. मालक अपघात आणि टक्केवारी मान्य करत असेल आणि रक्कम हिशेबाच्या जवळ असेल, तर नोंदवलेला करार घ्या. ‘हा माझा कामगारच नव्हे’ म्हणाला, तर बोलणी लांबवू नका, दावा लावा. मुदत अपघातापासून दोन वर्षं. गोमेकॉचं (गोवा मेडिकल कॉलेजचं) डिस्चार्ज कार्ड, हजेरीचा कोणताही पुरावा, पगार जमा झालेलं बँक पासबुक आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं घेऊन पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात जा.