विंच चांगला, पण टोपीने घात केला: कलमांच्या बागेत एटीव्हीच्या विंचचे १४ महिने

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आंब्याच्या कलमांना कल्टार, म्हणजे मोहोरासाठी मुळांशी घालायचं औषध, घालायला निघाले होते. गाडी म्हणजे एटीव्ही, आडवाटेवर चालणारी छोटी चारचाकी. ती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरली आणि मागची दोन्ही चाकं गाळात बसली. पलीकडच्या काठावर किंजळाचं एक जुनं, भक्कम झाड आहे. त्याला पट्टा बांधला, विंचचा (गाडीवर बसवलेलं, मोटरने दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारं यंत्र) दोर सोडला, हूक अडकवला आणि रिमोटवरचं आत घ्यायचं बटण दाबलं. काही नाही. टक् असा आवाजसुद्धा नाही. बाहेर सोडायचं बटण दाबून पाहिलं तर ड्रम झकास फिरला आणि दोर आणखी ढिला झाला. म्हणजे मोटर ठीक, बॅटरी ठीक, आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, तोही जिवंत. मला हवी तेवढी एकच दिशा मेलेली. पऱ्याचं पाणी अर्ध्या तासात वीतभर चढलं. शेवटी वाडीतून चार माणसं आणि चेनपुली आणली आणि दोन तासांनी गाडी बाहेर आली.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. रिमोट ज्यात खोचतात त्या सॉकेटच्या तोंडावर एक रबरी टोपी असते. ती फेब्रुवारीतच तुटून कुठेतरी पडली होती. उघड्या सॉकेटमध्ये पाणी गेलं, तीनपैकी एक पिन हिरवी पडून कुजली. ती नेमकी आत घेण्याची. साडेएकवीस हजारांचा विंच आणि त्याचा जीव एका टोपीत. या टोपीबद्दल मला पुष्कळ बोलायचं आहे, पण आधी बाकीचं सांगते, कारण विंच वाईट नाही आणि त्याच्यावर अन्याय नको.

आमची बाग राजापूर तालुक्यात. वर कातळ, खाली खाडीकडे उतरणारी कलमं, मध्ये दोन पऱ्ये. पिकअप मांगरापर्यंतच, म्हणजे बागेतल्या खोपटापर्यंतच, येतो, पुढे सगळं एटीव्हीवर: खत, फवारणीचं ड्रम आणि एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे गाडी कधी ना कधी रुतणारच. आधी दरवेळी गडी बोलवायचो. आता गडी मिळत नाहीत.

घेताना वाद झाला तो २५०० पाउंडी घ्यायचा की ३५०० पाउंडी याचा. किलोत सांगायचं तर ११३४ आणि १५८८. किमतीत सहा हजारांचा फरक होता आणि मला लहानच घ्यायचा होता. माझा हिशोब असा: गाडी ३३०, मी ६०, ट्रेलर आणि माल मिळून दीडशे, एकूण ५४० किलो. त्याच्या दीडपट ओढ असावी असा नियम सांगतात, म्हणजे ८१०. मग ११३४ भरपूर झाले की! पुतण्या म्हणाला, "काकी, पाटीवरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो." ते मला माहीत नव्हतं. ड्रमवर जितके थर जास्त तितका त्याचा व्यास मोठा आणि ओढ कमी. १५ मीटर तार असलेल्या छोट्या ड्रमवर वरच्या थराला ताकद दोन तृतीयांशाच्या आसपास उरते. लहान विंच वरच्या थरावर साडेसातशेवर आला असता, म्हणजे माझ्या ८१०च्या खाली. शिवाय ते ८१० सपाट, कोरड्या जमिनीवरचे. ३० अंशांच्या चढावर वजनाचा अर्धा भार नुसता चढामुळे येतो, आणि गाळात चाकं बुडली की आणखी वेगळा. मोठा घेतला. ते सहा हजार मला कितीतरी महिने सलत होते. जुलैनंतर सलायचे थांबले. पिन साफ केल्यावर मुद्दाम त्याच जागी, त्याच मालासकट गाडी घालून पाहिली आणि विंचने ती जराही न कण्हता बाहेर काढली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही, ती मी सांगते. सोबत एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडता येणारी जाड कप्पी, नक्की घ्या. तार झाडावरच्या कप्पीतून फिरवून परत गाडीलाच अडकवली की गाडीवरची ओढ जवळजवळ दुप्पट होते. वेग निम्मा होतो, पण घाई कुणाला आहे? तार जास्त सुटते, त्यामुळे ड्रमही खालच्या थरावर येतो, तो फायदा वेगळा.

बसवणं लांज्याच्या मेस्त्रींनी केलं. आमच्या मॉडेलची तयार प्लेट मिळेना, म्हणून ६ मिलिमीटरच्या पत्र्याची बनवून घेतली, ३२०० रुपये. बोल्ट ८.८ ग्रेडचेच घ्या, साध्या हार्डवेअरचे नकोत. प्लेट बंपरच्या नळीला बांधून भागत नाही, ती चॅसिसला धरली पाहिजे. निगेटिव्ह तार चॅसिसला लावून मोकळं होऊ नका, सरळ बॅटरीपर्यंत न्या. गंजलेल्या चॅसिसमधून शंभर-दीडशे अँपियर जाताना व्होल्टेज पडतं. बॅटरीजवळ ४५० रुपयांचा आयसोलेटर स्विच मी हट्टाने लावून घेतला. कॉन्टॅक्टरचे आतले संपर्क कधी कधी वितळून चिकटतात, मग बटण सोडलं तरी ड्रम फिरतच राहतो. त्या वेळी वीज तोडायला हाताशी काहीतरी हवं. कॉन्टॅक्टर मेस्त्रींनी पुढच्या प्लास्टिकमागे खाली बसवला. तिथे चाकाचा सगळा चिखल उडतो हे माझ्याही लक्षात आलं नाही. आता तो सीटखाली आहे आणि पहिल्या दिवसापासून तिथेच असायला हवा होता.

नवी तार तशीच वापरू नये. ती पूर्ण सोडून, गाडी हलक्या चढावर न्यूट्रलमध्ये ठेवून, गाडीच्याच वजनाने ताणत गुंडाळून घ्यायची. नाहीतर वरचा ताणलेला थर खालच्या ढिल्या थरांत घुसतो. आणि ड्रमवर शेवटचे पाच वेढे कायम राहिले पाहिजेत, कारण ओढ त्या वेढ्यांच्या घर्षणावर असते, टोकाच्या स्क्रूवर नाही.

पहिले चार महिने मी खूश होते. वाऱ्याने पडलेलं आयनाचं झाड वाटेतून बाजूला केलं, गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, निखळलेला जांभ्या दगडाचा मोठा चिरा जागेवर आणला. पण सलग तिसऱ्या ओढीला बॅटरी बसली. एटीव्हीचा आल्टरनेटर (इंजिनवर वीज तयार करून बॅटरी भरणारा भाग) मोटारगाडीच्या आल्टरनेटरएवढा मोठा नसतो. विंच जोरात ओढताना समजा १२० अँपियर घेतोय आणि इंजिन चालू असताना बॅटरीला १५ अँपियर परत मिळताहेत, तर एका मिनिटाची ओढ भरून यायला आठ मिनिटं लागतात. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं आणि मग चांगलं थांबायचं. त्या विश्रांतीत मोटरही गार होते. रोज क्रेट वर ओढायला विंच वापरू असा माझा बेत होता, तो तिथेच संपला. हे अडचणीतून बाहेर काढायचं यंत्र आहे, रोजच्या वाहतुकीचं नाही.

आता तार की दोर. ऑक्टोबरमध्ये मला कुणी विचारलं असतं तर मी ठामपणे पोलादी तार सांगितली असती: स्वस्त, दगडाला घासली तरी चालते. मार्चमध्ये तारेचा एक तुटका धागा हातमोज्यातून तळहातात शिरला आणि आठवडाभर हात सुजला. त्यापेक्षा मोठी भीती तार तुटण्याची. ताणलेल्या पोलादात जोर साठलेला असतो आणि तुटलेलं टोक चाबकासारखं येतं. ताणलेल्या तारेवरून पुतण्या एकदा पाय टाकून पलीकडे गेला तेव्हा मी त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. तार ताणात असताना मधोमध ओलं गोणपाट टाका, आणि कुणालाही तिच्या रेषेत उभं राहू देऊ नका. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

मग ३८०० रुपये घालून डायनीमा जातीचा, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याचा, ६ मिलिमीटरचा दोर आणला. इतका हलका की पाण्यावर तरंगतो, हाताला मऊ, आणि तुटला तरी तारेसारखा उसळत नाही. सोबत पुढचे पोलादी रोलर काढून अॅल्युमिनियमचं गुळगुळीत तोंड लावावं लागलं, कारण तारेने खरवडलेले रोलर दोर कापतात. दोर गुळगुळीत असल्याने ड्रमवर पाचऐवजी आठ-दहा वेढे ठेवावे लागतात. एप्रिल-मेमध्ये मी ज्याला त्याला हाच दोर सुचवत होते.

पावसात माझं मत पुन्हा हललं. तांबड्या मातीतले बारीक कण दोराच्या पिळात बसतात आणि आतून घासतात. जांभ्याची कड तर करवतीसारखी. ऑगस्टमध्ये दोर एका कडेवरून ओढला गेला आणि दोन हात लांबीवर पिंजारला. तेवढा तुकडा कापून पुढे नवा डोळा विणून घ्यावा लागला. उष्णताही सोसत नाही, दीडशे अंशांच्या आतबाहेर हे धागे वितळतात, आणि अशा विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो. ब्रेक धरून माल उतारावरून खाली सोडत राहिलात तर आतला थर भाजतो. तरीही मी तारेकडे परत गेले नाही. दोर प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात धुते, कडेवर गोणपाट घालते, आणि दगडावरून जाणारा शेवटचा टप्पा तीन मीटरच्या रुंद पट्ट्याने जोडते. हा त्रास आहे. तळहातात धागा शिरण्यापेक्षा बरा.

झाडाला बांधतानाही पट्टाच हवा. तार किंवा दोर सालीत रुतला तर झाड मरू शकतं. कलमाला तर कधीच बांधू नका, मुळं वरवरची असतात, कलमच उपटून येईल. कातळावर झाडच नसतं. तिथे आम्ही जांभ्यात भोक पाडून जाड सळई गाडीच्या उलट्या दिशेला कलती ठोकली आहे, अशा तीन जागा करून ठेवल्या आहेत. बागेतल्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात शहाणपणाचा.

आणि आता टोपी.

ती टोपी सॉकेटला बोटभर लांबीच्या, शिवणीच्या दोऱ्याएवढ्या जाड रबरी पट्टीने लटकलेली असते. प्रत्येक वेळी रिमोट लावताना ती वाकते. चार महिन्यांच्या उन्हात पट्टीला भेगा पडल्या आणि एके दिवशी टोपी गेली. तेव्हाच मी विक्रेत्याला फोन केला होता. "सुटी मिळत नाही, पूर्ण रिमोट सेट घ्यावा लागेल, ३४०० रुपये." एका टोपीसाठी ३४००! मी घेतला नाही, आणि तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. ती माझी चूक. पिशवीत पाणी साचतं आणि आतच राहतं.

जुलैच्या प्रकारानंतर वॉरंटी मागितली. विंच घेऊन नऊ महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. उत्तर आलं, पाणी गेल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. खोक्यावर ठळक छापलं आहे आयपी६७, म्हणजे मीटरभर पाण्यात ३० मिनिटं बुडाला तरी आत पाणी जाता कामा नये. मी फोटो पाठवला. तेव्हा सांगितलं की ते मोटरचं आणि कॉन्टॅक्टरचं आहे, सॉकेटचं नाही. मग खोक्यावर तसं लिहा! पावसाळी मुलखात लोक विंच पावसात रुततात म्हणूनच घेतात. तीन आठवड्यांत अकरा फोन केले, दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, बिल आणि खोक्याचा फोटो जोडला. सप्टेंबरात कंपनीने सॉकेटसह पूर्ण रिमोट सेट फुकट पाठवला. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. फक्त नव्या सॉकेटची टोपीही त्याच पट्टीने लटकलेली आहे.

तोवर मेस्त्रींनी मला जे शिकवलं ते प्रत्येकाला यायला हवं. कॉन्टॅक्टरला दोन बारीक तारा येतात, एक आत घेण्याची, एक सोडण्याची. रिमोट मेला तर बारीक वायरचा तुकडा घेऊन कॉन्टॅक्टरच्या पॉझिटिव्हवरून हव्या त्या बारीक टर्मिनलला टेकवायचा, विंच चालतो. "वहिनी, त्या दिवशी हे माहीत असतं तर चार माणसं लागली नसती," असं ते म्हणाले आणि ते खरं आहे. वायरचा तुकडा आता सीटखाली टेपने चिकटवून ठेवला आहे. हँडलवर वेगळा स्विचही बसवून घेतला, ६०० रुपये, त्यामुळे सॉकेट क्वचितच उघडावं लागतं. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी बाहेर ठेवणारं, वीज न वाहणारं), आणि सॉकेटवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, एक टोक दुमडून बांधलेला. दोन महिने उतरत्या पावसात तो टिकला.

आता डिसेंबर आहे, मोहोर फुटतोय, फवारणीचं ड्रम रोज त्याच पऱ्यातून जातं आणि विंच गेल्या आठवड्यात दोनदा लागला. दोन्ही वेळा पहिल्या बटणाला चालला. तुमच्याकडे याच जातीचा विंच असेल तर आज जाऊन टोपीची पट्टी वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर ट्यूब कापा. आणि कुणाला ही टोपी कुठे सुटी मिळाली तर मला नक्की कळवा. आतला व्यास २४ मिलिमीटर आहे, मी कॅलिपरने मोजला आहे.