पाच कप्प्यांचा खोका आणि फ्रेजल व्हर्ब्ज : सात महिन्यांनंतर

गेल्या वर्षी परदेशातल्या एका ग्राहकाची मेल आली, ‘द ऑडिट हॅज बीन कॉल्ड ऑफ’. ऑडिट पुढे ढकललंय असं मी समजलो आणि पुढचे दोन आठवडे आमची टीम रात्री थांबून कागदपत्रं लावत बसली. पुढे ढकलणं म्हणजे ‘पुट ऑफ’. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. कॉल, पुट, ऑफ हे तिन्ही शब्द शाळेपासून ओळखीचे, पण जोडी जमली की अर्थ भलताच. सहकाऱ्यांच्या त्या रात्री मनाला लागल्या, म्हणून अशा जोड्यांच्या, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्जच्या, अभ्यासाला बसलो.

पद्धत जुनीच आहे, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशा कार्डांची, सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडलेली. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात आडवे पुठ्ठे घालून पाच कप्पे केले. कार्डांसाठी जुन्या पत्त्याची व्हिजिटिंग कार्डं कामी आली, त्यांची मागची बाजू कोरी होती. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. सकाळच्या चहाबरोबर पंधरा मिनिटं लागतात.

पहिला महिना मात्र फुकट गेला. मी ‘गेट’ची सगळी कार्डं एकदम केली होती: गेट ऑन, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे विथ. सगळ्यांचा डोक्यात काला झाला. शिवाय मागे नुसता शब्दार्थ लिहायचो, तो दोन दिवसांत उडून जायचा.

मग एका संध्याकाळी बायको म्हणाली, ‘तो भात संपवून टाका हो.’ आणि लख्ख उजेड पडला. इथे ‘टाका’ म्हणजे कुणी काही फेकत नाही, काम पुरतं उरकायचं एवढाच त्याचा अर्थ. ‘ईट अप’, ‘यूज अप’मधला ‘अप’ नेमकं हेच करतो, त्याचा ‘वर’शी काही संबंध नाही. ‘देऊन टाक’ म्हणजे ‘गिव्ह अवे’. ‘लिहून घे’ म्हणजे ‘राइट डाउन’. आपण जन्मापासून बोलत आलोय ती संयुक्त क्रियापदं याच जातीची आहेत, आणि शाळेत हे कुणी दाखवलं नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. त्या दिवसापासून कार्डाच्या पुढे गाळलेल्या जागेचं इंग्रजी वाक्य आणि मागे घरात बोललं जाणारं मराठी वाक्य. ‘शी टेक्स ___ हर मदर’च्या मागे लिहिलंय, ‘आफ्टर. पोरगी आईवर गेलीय.’ हे कार्ड एकदाही मागे आलं नाही.

शब्दांच्या क्रमाचाही त्रास होता. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर इट’च. फुटणाऱ्या कार्डांच्या कोपऱ्यात आता लाल टिंब असतं.

काही कार्डं आपल्या इकडच्या इंग्रजीमुळे करावी लागली. आपण ‘मी २००९चा पासआउट’ म्हणतो, पण इंग्लंड-अमेरिकेत साध्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. मीटिंग अलीकडे घ्यायची तर आपण ‘प्रीपोन’ म्हणतो, तिकडे ‘ब्रिंग फॉरवर्ड’.

उणिवाही सांगतो. खोका उच्चार शिकवत नाही. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो हे मला फोनवर ऐकूनच कळलं. आणि गावाला गेलो की खोका घरी राहतो, परत आल्यावर दोन-तीन दिवस ढीग उपसावा लागतो. मोबाइलवर याच तत्त्वाची अ‍ॅप आहेत, सतत फिरतीवर असणाऱ्यांनी ती घ्यावीत. मला हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं.

आज २१४ कार्डं आहेत, त्यातली १३७ पाचव्या कप्प्यात. आता मेलमध्ये ‘कॅरी आउट’, ‘लुक इन्टू’ डोळ्यांना अडत नाहीत, आणि गेल्या महिन्यात कॉलवर ‘लेट्स पुट इट ऑफ’ माझ्याच तोंडून सहज गेलं.

‘गेट अराउंड टू’, म्हणजे रखडलेलं काम अखेर हाती घेणं, मात्र चार महिने पहिल्या कप्प्यातून हलत नव्हतं, त्याला मराठी वाक्यच सापडेना. परवा मी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो, तर आई खालून म्हणाली, ‘लागला एकदाचा मुहूर्त त्या पंख्याला!’ खाली उतरून आधी कार्डाच्या मागे तेच लिहिलं. आज ते दुसऱ्या कप्प्यात आहे.