बोअरच्या पाण्यातला मिथेन तपासणारी सर्व्हिस, वर्षभर वापरून : साडेतीन स्टार

ग्लासात घेतलेलं पाणी दुधासारखं पांढरट दिसायचं, मग खालून वर हळूहळू नितळ होत जायचं, नळ मधेच खोकल्यासारखा फुरफुरायचा. दोन महिने असं चाललं तेव्हा या लॅबला फोन केला. पाण्यात मिथेन म्हणजे पेट घेणारा गॅस विरघळलेला असला तर असं होतं, पण नुसती हवा असली तरी पाणी असंच दिसतं आणि मिथेनला ना वास ना चव ना रंग, त्यामुळे टेस्टशिवाय कळायला मार्गच नाही.

पहिल्यांदा जो टेक्निशियन आला तो माणूस सोनं. आधी मोटर चालू करून पाण्याचं तापमान आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) स्थिर होईपर्यंत थांबला, घाई नाही. मग नळाला ट्यूब लावून तिचं टोक बादलीच्या तळाशी सोडलं, बादली भरून वाहायला लागल्यावर इवलीशी 40 मिलीची बाटली पाण्याखालीच भरली आणि झाकणही पाण्याखालीच लावलं. बाटली उलटी करून उजेडात धरली, एक बारीक बुडबुडा दिसला तर ती फेकून दुसरी भरली. मला तेव्हा हे नाटक वाटलं होतं.

रिपोर्ट आला लिटरला 9 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या ऑफिस ऑफ सरफेस मायनिंग या सरकारी खात्याची 2001 ची गाइडलाइन बऱ्याच ठिकाणी वापरतात, 10 च्या आत असेल तर ठीक, 10 ते 28 असेल तर लक्ष ठेवा, 28 च्या वर गेला तर लगेच हालचाल करा. म्हटलं सुटलो. तीन महिन्यांनी आलं 16 आणि झोप उडाली, कारण धोका पिण्याचा नाही, साठण्याचा आहे, बंद पंपरूममधे हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते.

त्याच टेक्निशियनला फोन केला तर पहिला प्रश्न, "दादा, सॅम्पलच्या आधी मोटर किती वेळ चालू होती?" मग त्याने सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. खोलवर पाण्याचा दाब असतो म्हणून गॅस विरघळून राहतो, दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, मोटरने पातळी खाली ओढली की दाब उतरतो आणि बूच उघडल्यासारखा गॅस सुटायला लागतो. शिवाय जास्त उपसलं की वेगळ्या थरातलं पाणी यायला लागतं, हवेचा दाब पडला तरी फरक पडतो. म्हणजे 9 चे 16 झाले म्हणून जमिनीखाली काही बिघडलंच असं नाही, एका आकड्यावर काही ठरवूच नये.

स्टार कापले ते तिसऱ्या वेळचे. नवीन मुलगा आला, बाटली सरळ नळाखाली धरली, पाणी उडतंय, आत वाटाण्याएवढा बुडबुडा, तसंच झाकण लावून निघाला पण. रिपोर्ट आला 4! सॅम्पल हवेत उघडं भरलं की गॅस तिथेच उडून जातो, मग लॅबमधलं गॅस मोजायचं मशीन, गॅस क्रोमॅटोग्राफ, कितीही भारी असू दे, बाटलीत उरलंय तेवढंच मोजणार ना. ऑफिसमधून एकच उत्तर, "सर, रिपोर्ट बरोबर आहे." भांडून परत करून घेतलं, जुनाच माणूस आला, आकडा 13. रिपोर्टवर पाण्याची पातळी, मोटर किती वेळ चालली, सॅम्पल कसं घेतलं यातलं एक अक्षर नसतं. मग तीन महिन्यांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा ताडून बघायचा तरी कसा?

एकदा जादा पैसे भरून आयसोटोप टेस्ट केली, म्हणजे मिथेनमधल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण बघून गॅस कुठून आला ते शोधणारी, ते मात्र वसूल. कार्बनचा आकडा उणे 70 (दर हजारी) च्या आसपास आणि मिथेनसोबत खोलवरच्या गॅसमधे सापडणारा इथेन जवळपास नाहीच, म्हणजे जमिनीतल्या जिवाणूंनी केलेला गॅस, खोलवरच्या तेल-वायूच्या थरातून आलेला नाही. हा फरक नुसत्या मिलिग्रॅमवरून कळत नाही. आणि हो, कार्बन फिल्टर बसवून मिथेन जात नाही, पाण्याला हवा देऊन गॅस बाहेर मोकळ्यावर सोडावा लागतो, बोअरच्या झाकणालाही व्हेंट, म्हणजे गॅस बाहेर जायची वाट, हवा. हे लॅबने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मला चौथ्या खेपेला कळलं.

आता पातळी आणि मोटरची वेळ मीच वहीत लिहून ठेवतो. पुढचं सॅम्पल पुढच्या महिन्यात आहे, बुकिंग करताना जुन्या टेक्निशियनचंच नाव सांगितलंय, बघू पाठवतात का.